हाताची साक्ष

शालन माळवदेला माणसं चेहऱ्यानं आठवायची नाहीत, हातानं आठवायची. बाजारात कुणी ओळख दाखवून हसलं की ती गोंधळायची. मग त्या माणसानं हात पुढं केला, की तो धरून लगेच म्हणायची, "तुमचा उजवा डोळा. दोन वर्षं झाली. खोकला हाय का अजून?"

बेदाण्याच्या पट्ट्यातल्या सावर्डेवाडीत ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं आणि तिथं तिचं काम एकच होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी पेशंटचा हात धरून बसायचं. कागदोपत्री ती मदतनीस होती, पण सगळा तालुका तिला हातवाली म्हणायचा. बाहेरून आलेल्या शहाण्यांना हसू यायचं, हात धरण्याचा काय पगार द्यायचा? पण स्वतः टेबलावर आडवं व्हायची वेळ आली की हेच शहाणे आधी विचारत, "हातवाली आहे ना आज?"

कारण असं की या ऑपरेशनला माणूस जागा असतो. डोळ्याच्या काळ्या भागावर जे काचेसारखं झाकण असतं, त्याच्यात दुखण्याचे तंतू इतके दाट असतात की कुसळ गेलं तरी माणूस तडफडतो. भूल देणारे थेंब टाकले की या तंतूंची दारं पंधरा-वीस मिनिटं बंद होतात. सुई नाही, टाका नाही. पण थेंब पडला वरवरचा. आत काम सुरू झालं की दाब जाणवतो, मधूनच एखादी कळ येते. तेव्हा पेशंट "आई गं" म्हणाला की जबडा हलतो, जबड्याबरोबर डोकं हलतं, आणि डोळ्यात तर हत्यार असतं. म्हणून शालन प्रत्येकाला आधी पढवायची, "तोंडानं बोलायचं न्हाई. तोंड हललं की डोळा हलतो. काय सांगायचं ते हातानं. एकदा दाबलं तर खोकला येतोय. दोनदा दाबलं तर दुखतंय." हिरव्या चादरीखाली दोनदा दाब आला की ती म्हणायची, "थांबा मॅडम." आणि डॉ. रेवती शेवडे थांबायच्या, आत थोडं औषध सोडायच्या आणि मग पुढं जायच्या. एकतीस वर्षांत शालनचं "थांबा" कधी खोटं ठरलं नव्हतं.

मग २०४१च्या उन्हाळ्यात 'निवांत' आलं.

दिसायला तेही थेंबच, निळसर झाकणाच्या चिमुकल्या बाटलीत. डॉ. शेवडेंनी सगळ्या स्टाफला समोर बसवून समजावलं. दुखणं मेंदूत दोन वाटांनी जातं. एक वाट फक्त बातमी नेते, कुठं लागलं आणि किती. दुसरी वाट त्या बातमीला 'हे माझं आहे, मला सोसवत नाही' असा अर्थ देते. जुने थेंब डोळ्याशीच दार लावायचे. निवांतचे कण डोळ्याच्या मज्जातंतूवरून मुळापर्यंत चढत जातात आणि फक्त ती दुसरी वाट बंद करतात, एकदा टाकलं की महिनाभर. ऑपरेशनच्या वेळी कळ नाही, नंतरची खुपखुप नाही, भीतीसुद्धा नाही.

"म्हंजे दुखतं, पर कळत न्हाई?" शालननं विचारलं.

"ज्याला कळत नाही त्याला दुखणं म्हणायचं कशाला, शालनबाई?" डॉक्टर हसून म्हणाल्या. उत्तर बिनतोड होतं.

थेंबांबरोबर एक यंत्रही आलं. पेशंटच्या कपाळावर एक पट्टी बसायची आणि पडद्यावर दुखण्याचा आकडा यायचा, शून्य ते दहा. कानामागून आली आणि तिखट झाली, तसं ते यंत्र पहिल्याच दिवसापासून टेबलाच्या उशाशी जाऊन बसलं. शालनचं स्टूल मात्र हललं नाही, कारण हातवाली नसेल तर म्हातारी माणसं आत यायलाच तयार होईनात.

पहिला पेशंट एसटीचा निवृत्त कंडक्टर होता. तिकिटं फाडून कडक झालेला अंगठा. काम सुरू होऊन दोन मिनिटं झाली आणि शालनच्या तळव्यावर दोनदा दाब आला.

"थांबा मॅडम."

डॉक्टरांनी हात वर घेतले. "दुखतंय का हो काका?"

"छे छे," चादरीखालून मजेत आवाज आला. "चालू द्या. लई भारी रंग दिसायलेत."

पडद्यावर शून्य होतं. काम पुन्हा सुरू झालं आणि तो कडक अंगठा पुन्हा दाबायला लागला. दोनदा. थोडं थांबून दोनदा. काम संपेपर्यंत त्यानं सोडलं नाही. टेबलावरून उतरताना कंडक्टरनं शालनला हसून हात जोडले, आणि ते हात अगदी थंडगार, घामानं ओले होते.

त्या दिवशी बारा ऑपरेशनं झाली. अकरा हातांनी दाबलं. बारावा माणूस लकव्याचा होता, त्याच्या हातात ताकदच नव्हती.

शालननं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी तिची थट्टा केली नाही. त्या तशा नव्हत्याच. त्यांनी तिला शेजारी बसवून सांगितलं, की कोंबडीची मान कापल्यावर पाय हलतात, तसं हे आहे. शरीराची जुनी सवय. तुम्हीच त्यांना आधी पढवता ना, दुखलं की दाबा? हात पढवल्यासारखं वागतो. पण तिथं दुखणारं कुणी नसतं.

शालनला ते पटलंही. न पटून करते काय? पण त्या दिवसापासून ती प्रत्येक हाताचे दाब मोजायला लागली. वर माणूस गप्पा मारतोय, पावसापाण्याचं विचारतोय, आणि खाली चादरीआड त्याचाच हात तिला विनवतोय. दोन माणसं एकाच टेबलावर झोपल्यासारखी वाटायची, आणि त्यातल्या एकाशी बोलणारी जगात ती एकटीच होती.

आणि मग आक्काचा नंबर आला.

आक्का म्हणजे कांचन, तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेले, पोरं पुण्याला, आणि एका घरात दोन बायका उरल्या. पहिली वीस वर्षं त्या एकमेकींना पाण्यात पाहत. पुढं भांडायचंही कुणाशी, म्हणून मैत्री झाली. आक्का बेदाणा निवडायच्या शेडमध्ये कामाला होती. काळा मणी, काडी, खडा बोटांनी टिपून बाजूला टाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दोन वर्षांपासून तिला काळा मणी आणि पिवळा मणी सारखेच दिसायला लागले होते.

तिच्या उजव्या डोळ्याला निवांत टाकलं, तेव्हा हात शालननं धरला. आक्कानं असा दाबला की शालनच्या बोटातली अंगठी हाडात रुतली. दोनदा, दोनदा, दोनदा. शालननं तीन वेळा "थांबा" म्हटलं. तिन्ही वेळा आक्काच खेकसली, "अगं काय सारखं थांबा थांबा? कायबी दुखंना मला. करू दे की त्यास्नी काम!"

डोळा सुरेख झाला. आक्का घरी आल्या आल्या शालनच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं!" आणि पोट धरून हसली.

चौथ्या दिवशी दुपारी शालन मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होती. आक्का उंबऱ्यात सूप घेऊन घरच्यापुरते बेदाणे निवडत बसली होती. मिक्सरची घरघर सुरू झाली तशी आक्काची उजवी मूठ मिटली. उघडली. मिटली. शालननं मिक्सर बंद केला. मूठ थांबली. तिनं पुन्हा चालू केला. मोतीबिंदू फोडायच्या यंत्राचा आवाज लांबून ऐकला तर असाच येतो. आक्काची मूठ दोनदा मिटली, मग पुन्हा दोनदा, आणि बोटांच्या फटींतून चिरडलेला बेदाणा बाहेर आला.

"आक्का, हाताला काय झालं?"

"कुठं काय?" आक्का गाणं गुणगुणत दुसऱ्या हातानं मणी टिपत होती. तिनं उजव्या हाताकडं पाहिलं, कुणा परक्याचा असावा तसा चिकट तळवा पदराला पुसला, आणि पुन्हा गुणगुणायला लागली. शालननं मिक्सरचं बटण बंद केलं.

आक्काचा दुसरा डोळा पाच आठवड्यांनी व्हायचा होता. शालन दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ऑपरेशन संपलं तरी तिचं संपलेलं न्हाई. आत कोणतरी हाय अजून. दाबतंय."

डॉ. शेवडेंनी दार लोटून घेतलं. मग त्यांनी खरं ते सांगितलं. "मलाही एक शंका आहे. दुखण्याची बातमी पोचली, की मेंदू तिला पोच देतो आणि मग ते दुखणं शमतं. इथं पोच घेणाराच बेशुद्ध आहे. रजिस्टर पत्र घेऊन आलेला पोस्टमन सही मिळेपर्यंत रोज दारात येतो ना, तसं काही होत असेल तर... पण ही शंका आहे. यंत्र शून्य दाखवतं."

"यंत्र बघतं कुठली वाट?"

"दुसरी."

"म्हंजे जी तुम्हीच बंद केली ती!"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शालनबाई, आठ वर्षांपूर्वीचे ते शिक्षक आठवतात? तुम्ही 'थांबा' म्हणायच्या आत त्यांनी कळ येऊन मान फिरवली. डोळा गेला. मी अजून त्यांच्या गल्लीतून जात नाही. निवांत आल्यापासून एकही पेशंट हललेला नाही. नुसत्या मुठींच्या भरवशावर मी हे परत कसं पाठवू? मला एक माणूस द्या, जो तोंडानं सांगेल की दुखलं."

शालनच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. तिनं तो वर्षभर लपवला होता, पण डॉक्टरांपासून काय लपणार?

"मी देते," ती म्हणाली. "आक्काच्या आधी माझा डोळा करा. निवांत टाकून. मला सगळं ठावं हाय, मी आत ध्यान ठिऊन राहीन. दुखलं तर उठल्यावर तुमच्या तोंडावर सांगीन. मग तरी परत पाठवाल?"

"त्याच दिवशी. शब्द देते."

एकतीस वर्षं जी बाई 'तोंडानं बोलू नका, हातानं सांगा' म्हणून लोकांना बजावत आली, तिनं स्वतःच्या वेळी साक्षीला तोंडच उभं केलं. सरळ मनाची माणसं अशीच फसतात. पैज लावायच्या घाईत तिच्या हे ध्यानातच आलं नाही.

आक्काच्या नंबराच्या आठवडाभर आधी शालनचा नंबर लागला. हात धरायला तिनं आक्काला मागितलं. आक्काला गाऊन, टोपी, मास्क चढवला. "भुतासारखी दिसत असन मी," म्हणत ती स्टुलावर बसली. शालननं तिला खूण पुन्हा पुन्हा सांगितली. मग निळ्या झाकणाची बाटली आली, आणि थंड थेंब पडला.

शालननं डोळ्यात तेल घालून पहारा करायचं ठरवलं होतं. ती वाट बघत राहिली. आधी भीती गेली. कुठं गेली ते कळलं नाही, कुणी तरी खोलीतून चपला हातात घेऊन निघून जावं तशी गेली. मग दिव्याचा पिवळा गोळा फुटला आणि त्यातून निळं, जांभळं, पाण्यावर हलणारं काही तरी पसरलं. यंत्राची घरघर आली. डोळ्यात काही तरी चाललं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चिरतायत, फोडतायत, ओढतायत, एकेक पायरी तिला पाठ होती. पण ते सगळं शेजारच्या घरातलं होतं. आपण उगाच इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला, असं वाटून तिला आक्काची कीव आली, डॉक्टरांची आली, हसूही आलं. आयुष्यात इतकं हलकं तिला माहेरीसुद्धा वाटलं नव्हतं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "शालनबाई, आता खरं सांगा. दुखलं?"

शालननं मनात सगळीकडं शोधलं. अगदी प्रामाणिकपणे शोधलं.

"न्हाई मॅडम. देवाशपथ न्हाई. माझंच चुकलं."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. आक्कानं बाही खाली ओढून मनगट झाकलं.

ती घरी आल्यावर बोलली. तिनं बाही वर करून मनगट पुढं केलं. गोऱ्या कातडीवर चार बोटांचे निळेकाळे वळ उठले होते आणि अंगठ्याच्या जागी नखाची खूण फुटून रक्त साकळलं होतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघ. पहिल्यापास्नं दाबत हुतीस. मी मॅडमला सांगितलं, थांबा. त्यांनी तुला इचारलं तर तू आतनं हसून म्हणालीस, चालू द्या. दोनदा दाबलं, दोनदा दाबलं... आन शेवटी शेवटी तर सोडतच नव्हतीस. बुडतं माणूस धरतं तसं धरलंस, शालन."

"सवय असती शरीराची," शालन समजावणीच्या सुरात म्हणाली. "कोंबडीचे पाय हलत्यात तसं. तिथं कुणी नसतं."

"कुणी नसतं?" आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आपली उजवी मूठ उघडून तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मग माझ्यातबी असंल गं कोणतरी. इतके दिस दाबतंय, आन मी त्याला पदराला पुसतीय."

शालनला तिच्या रडण्याचं कारण कळत होतं, आणि त्यानं तिला काहीच होत नव्हतं. नव्या डोळ्यानं तिला आक्काच्या गालावरचा एकेक थेंब स्वच्छ दिसत होता. "उगाच मनाला लावून घेता, आक्का," ती म्हणाली, आणि चहाचा कप उचलला. कपाचा कान तिच्या बोटांत मोडला. तिनं तुकडे गोळा केले आणि दुसरा कप घेतला.

दुसऱ्या डोळ्याच्या गुरुवारी आक्का अडून बसली. मला ते निळं नको, जुनं द्या. दुखलं तर दुखू दे, माझं मला कळू दे. डॉक्टरांनी समजूत घातली, शालननं तर जास्तच घातली, पण आक्का म्हणजे आक्का. शेवटी कपाटातून जुन्या थेंबांची शिल्लक बाटली निघाली. यंत्राची पट्टी तिनं कपाळाला लावू दिली नाही.

शालन आपल्या स्टुलावर बसली. सवयीनं तिनं पढवलं, "तोंडानं बोलायचं न्हाई, आक्का. हातानं." आणि चादरीखाली हात घातला.

डॉक्टर काम करू लागल्या. आक्काचा हात घट्ट होता, पण शांत होता. एकदा तिनं दोनदा दाबलं, शालननं "थांबा" म्हटलं, डॉक्टर थांबल्या, आत औषध सोडलं, आक्काचा हात सैल पडला. किती सोपं होतं ते! मग मोतीबिंदू फोडायचं यंत्र सुरू झालं आणि खोलीभर ती बारीक घरघर पसरली.

"थांबा!" आक्का मोठ्यानं म्हणाली. हातानं नव्हे, तोंडानं.

डॉक्टरांनी दचकून हत्यार बाहेर घेतलं. "कांचनबाई, बोलायचं नाही! डोळा हलतो. दुखतंय का?"

"मला न्हाई," चादरीखालून आक्काचा आवाज आला. तो रडवेला होता, पण खणखणीत होता. "मला कायबी दुखत न्हाई, मॅडम. हिला दुखतंय."

"काही नाही हो मॅडम," शालन हसून म्हणाली. "चालू द्या."

डॉ. शेवडेंनी पायाखालचं बटण सोडलं. घरघर थांबली. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी हिरव्या चादरीची कड वर उचलली.

आक्कानं पंजा पुरता उघडा टाकला होता. त्या उघड्या पंजाला शालनची पाची बोटं धरून होती. पेरं पांढरी पडली होती. दोनदा. थोडं थांबून दोनदा. शालननंही मान वाकवून पाहिलं. नव्या डोळ्यानं तिला सगळं अगदी लख्ख दिसलं, आणि ज्या हातानं ती एकतीस वर्षं जगाची माणसं ओळखत आली, तो हात कुणाचा ते काही केल्या तिला आठवेना.